दहा वाजता गाणी थांबतात, मग पुढे? मराठवाड्यातून कॉन्सर्टला निघणाऱ्या दोस्तमंडळींसाठी

नव्वदच्या दशकात कॅसेटवर ऐकलेले पॉप गायक पुन्हा मोठ्या मंचावर येऊ लागलेत. कार्यक्रम होतात मुंबई, पुणे नाहीतर हैदराबादला. इकडे आपल्या लातूर, परभणी, नांदेडच्या ग्रुपवर कुणीतरी पोस्टर टाकतं, खाली पंधरा जण 'जाऊ या की' लिहितात आणि दोन दिवसांत विषय थंड पडतो. पडू देऊ नका. ज्या गाण्यांनी आपलं कॉलेज भरून टाकलं, ती ज्याने गायली त्याच्याच तोंडून, कॉलेजातल्याच दोस्तांच्या खांद्याला खांदा लावून ऐकण्यासारखं दुसरं सुख मला तरी माहीत नाही. मोठी कॉन्सर्ट कधी पाहिली नसेल, त्यातून गाव लांब असेल, तर काय कसं करायचं ते सांगतो.

आधी परतीचं बघा

सगळे तिकिटापासून सुरुवात करतात. आपण मराठवाड्यातल्यांनी परतीपासून करावी. ठाण्याचा माणूस कार्यक्रम संपला की लोकल धरतो. आपल्याला चारशे-सहाशे किलोमीटर जायचं असतं आणि नेमक्या त्याच वेळेला गाड्या निघून गेलेल्या असतात.

कारण साधं आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्या जागेवर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते सण-उत्सवांसाठी असतात. त्यामुळे मैदानावरचा कार्यक्रम दहाला संपतो असंच धरून चाला. आता मुंबईहून आपल्याकडे येणाऱ्या रात्रीच्या गाड्या बघा. देवगिरी एक्सप्रेस काय किंवा लातूर एक्सप्रेस काय, दोन्ही नऊ-साडेनऊच्या सुमारास मुंबई सोडतात. म्हणजे शेवटची दोन-तीन गाणी, ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती टाकून पळायचं, नाहीतर रात्री मुक्काम करायचा. मधला मार्ग नाही. मी म्हणेन मुक्कामच करा, आणि मुक्काम धरूनच खर्चाचा आकडा ग्रुपवर टाका.

शनिवारचा कार्यक्रम असेल तर रविवारी परतायला चांगल्या सोयी आहेत. दुपारी वंदे भारत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ती जालन्यापर्यंत सुरू झाली आणि २०२५ पासून नांदेडपर्यंत येते. हिंगोलीकडे जाणारी जनशताब्दीही दुपारचीच. आणि रविवारचा पूर्ण दिवस हवा असेल तर रात्रीची देवगिरी किंवा लातूरमार्गे जाणारी गाडी धरा, सोमवारी सकाळी आपापल्या गावात. सकाळची तपोवन एक्सप्रेस या प्रवासासाठी सुचवणार नाही. रात्री बाराला अंग टेकायचं आणि पहाटे चारला उठून स्टेशन गाठायचं, हे चाळिशीनंतर झेपत नाही. रविवारचा कार्यक्रम असेल तर सोमवारची रजा आधी मंजूर करून घ्या, मगच तिकिटाला हात लावा.

नांदेड, देगलूर, उदगीर, बिलोलीकडच्यांनी हैदराबादची तारीख आहे का ते आवर्जून बघावं. मोठ्या गायकांचे दौरे बहुधा चार-पाच शहरांत असतात आणि नांदेडहून हैदराबाद मुंबईच्या निम्म्याहूनही जवळ आहे. मराठी माणूस सवयीने पुण्या-मुंबईकडेच बघतो. इथे ती सवय सोडली तर एक रजा आणि बरेच पैसे वाचतात.

कोण कोण? पैसे आले तो पक्का

'येतो रे' म्हणजे येणं नव्हे. ग्रुपवर एक तारीख जाहीर करा, त्या तारखेपर्यंत ज्याची काँट्री जमा झाली तो पक्का. खजिनदार एकच ठेवा, हिशेबाला पक्का आणि स्वभावाने शांत. रक्कम दोन हप्त्यांत घ्या: पहिल्यात कार्यक्रमाचं तिकीट, दुसऱ्यात प्रवास आणि मुक्काम. ऐनवेळी गळणाऱ्याचं काय, हेही त्याच दिवशी ठरवून टाका. आमच्याकडे नियम असा आहे की गळणाऱ्याने बदली माणूस द्यायचा, नाहीतर तिकिटाचे पैसे गेले. कठोर वाटतं, पण यामुळे मैत्रीत कटुता येत नाही.

किती जण असावेत? मला सहा हा आकडा आवडतो. रेल्वेच्या एका आरक्षण तिकिटावर सहाच जण बसतात, टॅक्सी दोन पुरतात आणि गर्दीत सहा माणसं एकमेकांना सापडतात. दहाच्या पुढे गेलात की गटाचे दोन भाग करा, प्रत्येक भागाला एक म्होरक्या नेमा.

घरच्यांना नेणार की फक्त दोस्त, हा प्रश्न पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सोडवा. वहिनी मंडळींना याच गायकांची गाणी आपल्याइतकीच, कधी आपल्याहून जास्त पाठ असतात. त्यांना विचारायचंच राहून जातं, ते होऊ देऊ नका. एसटीने जाणार असाल तर मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं आहे, त्यामुळे बसच्या खर्चाचं गणितही बदलतं.

कोण गाणार आहे, ते नीट वाचा

पोस्टरवर जुन्या जमान्याच्या नावाने मोठी अक्षरं असतात आणि गायकांची नावं खाली बारीक. मूळ गायक येणार आहे, की त्याची गाणी दुसरं कुणी गाणार आहे? 'ट्रिब्यूट' लिहिलं असेल तर मूळ गायक नाही असं समजा. असे कार्यक्रमही चांगले होतात, पण त्यासाठी लातूरहून मुंबईला जायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं. पाच-सहा गायक एकाच रात्री असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच गाणी येतात, त्यांपैकी दोन नवी निघतात. त्यापेक्षा एकच गायक, सोबत पूर्ण बँड आणि दीड-दोन तास, असा कार्यक्रम निवडा. लकी अली यांचा पहिला अल्बम आला १९९६ साली, युफोरिया बँडचा १९९८ साली. त्या काळातल्या अशा मंडळींचं एकेकट्याचं गाणं ऐकायला पूर्ण संध्याकाळ द्यावी, एवढा ऐवज त्यांच्याकडे आहे. त्याच दौऱ्यातल्या आधीच्या शहरांतले व्हिडिओ बघा, कोणती गाणी होतात आणि वाद्यं खरी वाजतात का ते कळतं.

एक गोष्ट मनात धरून जा. पंचवीस-तीस वर्षांनी आवाज तोच राहत नाही. बरेच गायक मूळ पट्टी एक-दोन सुरांनी उतरवतात, वरची जागा प्रेक्षकांकडून गाऊन घेतात. याला कमीपणा समजू नका. उतरलेल्या पट्टीत तेच गाणं जास्त शांत, जास्त जाणतं होतं, असा माझा अनुभव आहे. आपलेही आवाज कुठे वरच्या पट्टीत पोचतात आता!

निघण्याआधी आठवडाभर सगळ्यांनी मिळून गाण्यांची यादी करा. प्रत्येकाने एक गाणं टाकायचं आणि ते पहिल्यांदा कुठे ऐकलं ते लिहायचं. आमच्या यादीत एकाने लिहिलं होतं की लोडशेडिंगमध्ये टेपरेकॉर्डर चालावा म्हणून त्याची मोठी बहीण सेल पत्र्यावर उन्हात तापवायची, आणि सेल उतरत आले की गाणं इतकं संथ व्हायचं की गायकाचा आवाज एखाद्या आजोबासारखा निघायचा. ते गाणं कार्यक्रमात सुरू झालं तेव्हा आम्ही सगळ्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं. यादीचा उपयोग हा असा होतो.

तिकीट

तिकिटं बुकमायशो, डिस्ट्रिक्ट अशा अ‍ॅपवर निघतात. कार्यक्रमाच्या पानावर ज्या अ‍ॅपचं नाव आहे तिथूनच घ्या. पहिल्यांदा घेणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं:

दिसणारी किंमत शेवटची नसते. पाचशेच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी लागतो. काही ठिकाणी तो आधीच धरलेला असतो, काही ठिकाणी पैसे भरताना दिसतो, वर अ‍ॅपचा चार्ज वेगळा. समजा तिकीट ३,००० चं आहे, तर ५४० कराचे धरून ३,५४० आणि पुढे तो चार्ज. काँट्री या शेवटच्या आकड्यावर काढा.

जागेचे प्रकार असतात. सर्वांत स्वस्त ती मागची उभी जागा. मंचाजवळचा 'फॅन पिट' म्हणजे तिथेही उभंच राहायचं, फक्त जवळून. काही कार्यक्रमांत खुर्च्यांचा भाग वेगळा असतो. दारं दुपारी तीन-चारला उघडतात, मुख्य गायक साडेसात-आठला येतो. म्हणजे उभ्याच्या तिकिटात पाच-सहा तास पायांवर. गटात एकाचेही गुडघे दुखत असतील तर सगळ्यांनी मिळून खुर्चीचं तिकीट घ्या. निम्मे पुढे आणि निम्मे मागे बसले तर सोबत जाण्याला अर्थ उरत नाही.

तिकिटं संपली असतील तर इन्स्टाग्रामवर किंवा ओळखीच्या ओळखीतून 'माझ्याकडे दोन जास्तीची आहेत' म्हणणाऱ्याला पैसे पाठवू नका. एकाच तिकिटाचा फोटो दहा जणांना विकला जातो आणि दारात पहिला माणूस आत गेला की उरलेले नऊ बाहेर राहतात. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा तिकिटांचे दुय्यम बाजारातले भाव किती चढले होते ते सगळ्यांनी वाचलंय. बहुतेक मोठ्या कार्यक्रमांच्या आधी काही तिकिटं पुन्हा खुली होतात, शेवटच्या आठवड्यात रोज अ‍ॅप बघत राहा.

प्रवास

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. कार्यक्रम त्याहून आधी जाहीर झाला असेल तर तारीख मोबाइलमध्ये लावून ठेवा आणि उघडलेल्या दिवशीच काढा, कारण शनिवार-रविवारच्या देवगिरीत जागा टिकत नाही. वेटिंगच्या भरवशावर राहू नका, मे २०२५ पासून वेटिंगच्या तिकिटावर स्लीपर आणि एसीच्या डब्यात प्रवास करता येत नाही. तत्काळ ही शेवटची वाट. एसीसाठी आदल्या दिवशी सकाळी १०, स्लीपरसाठी ११. ऑनलाइन काढायचं तर खात्याला आधार जोडलेलं हवं, ते आत्ताच करून ठेवा.

लातूर, धाराशिवकरांना पुण्याला जायचं असेल तर लातूर एक्सप्रेस पुण्यात अवेळी, पहाटेच्या अंधारात उतरवते. त्यापेक्षा सकाळी निघणारी बस किंवा सगळ्यांनी मिळून गाडी बरी. छत्रपती संभाजीनगरहून पुणे बसने पाच-सहा तासांचं.

क्रूझर किंवा टेम्पो ट्रॅव्हलर ठरवणार असाल तर ड्रायव्हरच्या झोपेची सोय हा खर्चाचा भाग समजा. आपण गाणी ऐकत असताना त्याने गाडीत डास मारत बसायचं आणि मग रात्रभर आपल्याला घरी आणायचं, हे माणुसकीला धरून नाही आणि आपल्या जिवालाही धरून नाही. त्याला वेगळी खोली घ्या, जेवणाचे पैसे द्या आणि सकाळी निघा. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून मुंबईच्या बाजूला भिवंडीजवळ आमणेपर्यंत पूर्ण सुरू आहे, जालना-संभाजीनगरकरांसाठी मोठीच सोय झाली. पण तो सरळ, एकसुरी रस्ता रात्री डोळे मिटवतो. टायरची हवा आणि टायरचं वय दोन्ही निघण्याआधी तपासून घ्या.

मुक्काम

हॉटेल कार्यक्रमाच्या ठिकाणाजवळ मिळालं तर उत्तम, पण त्या रात्रीचे दर चढलेले असतात. मग रेल्वे किंवा मेट्रोच्या एकाच मार्गावर असलेलं शोधा. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानांवर बरेच कार्यक्रम होतात. भुयारी मेट्रो ३ आता सीएसएमटीहून थेट तिथे जाते, त्यामुळे दादर किंवा फोर्टात उतरलात तरी चालतं. शेवटच्या मेट्रोची वेळ त्याच दिवशी बघून ठेवा. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला हार्बरची लोकल आहे. पुण्यात बालेवाडीला कार्यक्रम असेल तर खोली बाणेर-बालेवाडीतच घ्या.

प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र सोबत हवं. खोली दुपारी मिळते आणि आपली गाडी सकाळी पोचते, तेव्हा मधल्या वेळात सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवा. तिथे बॅगेला कुलूप लागतं, ते घरूनच घेऊन जा.

दारातली तपासणी

सोबत कमीत कमी न्या. पाण्याची बाटली, छत्री, मोठी बॅग, सेल्फी स्टिक, परफ्यूम, काडेपेटी, लायटर आणि खाण्याचे डबे बहुधा आत जाऊ देत नाहीत. पॉवर बँकेचं प्रत्येक ठिकाणी वेगळं, तिकिटाच्या पानावरची यादी वाचा. खिशातली तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी तपासणीत निघतेच, ती खोलीवरच ठेवा.

आत खाणं महाग असतं आणि रांग लांब. आमच्या एका वहिनींनी परभणीहून धपाटे आणले होते, ज्वारीचे, तीळ आणि भरपूर लसूण घातलेले, केळीच्या पानात बांधून. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही. मैदानाबाहेर फुटपाथच्या कठड्यावर बसून चार वाजता आम्ही ते खाल्ले आणि रात्री साडेदहापर्यंत कुणाला भूक लागली नाही. शेजारी बसलेल्या बोरिवलीच्या मुलींनी दोन मागून घेतले. धपाटे दोन दिवस टिकतात, या प्रवासाला याहून चांगला डबा नाही.

बीपी-शुगरच्या गोळ्या चिठ्ठीसकट खिशात ठेवा. चिठ्ठी नसेल तर तपासणीत अडवतात. अंगावर सुती कपडे, पायात बंद बूट. मुंबईच्या घामाची आपल्याला सवय नसते, तहान लागायच्या आधीच पाणी पीत राहा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्री मैदानावर चांगलंच गार होतं, कमरेला बांधता येईल असं जाकीट न्या.

एकदा आत गेलं की बाहेर येऊन परत जाता येत नाही. गाडीत काही राहिलं असेल तर रांगेत लागण्याआधीच आठवा.

आत गेल्यावर

पहिल्या दहा मिनिटांत चार गोष्टी बघून ठेवा: स्वच्छतागृह, पाणी, प्रथमोपचार आणि बाहेर पडायचे सगळे दरवाजे. ज्या दाराने आत आलो त्याखेरीज दुसरं दार कुठे आहे, ते प्रत्येकाने डोळ्यांनी बघावं. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोचीच्या विद्यापीठात कार्यक्रम सुरू होण्याआधीच चेंगराचेंगरी झाली, चार जण गेले. पाऊस आला आणि बाहेरचे लोक एकाच दाराने आत घुसले, एवढंच निमित्त. गर्दीत छाती दाबली जातेय असं वाटलं तर पुढे रेटू नका, हात छातीसमोर धरा आणि तिरकं तिरकं सरकत कडेला या.

हजारो माणसं एका जागी आली की मोबाइलचं नेटवर्क बसतं. व्हॉट्सअ‍ॅप जात नाही, यूपीआय अडकतं. म्हणून तिकीट आधीच अ‍ॅपमध्ये उघडून ठेवा (काही तिकिटांचा क्यूआर सतत बदलतो, त्याचा स्क्रीनशॉट चालत नाही), प्रत्येकाच्या खिशात पाचशे-सातशे रोख असू द्या आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरवा. 'गेटपाशी' ही जागा नव्हे, कारण गेटं पाच असतात. ध्वनिनियंत्रकाचा मंच मैदानाच्या मधोमध असतो आणि कुठूनही दिसतो, त्याची उजवी बाजू धरा. तिथे उभं राहिलं तर आवाजही सगळ्यांत नीट ऐकू येतो, कारण त्याच जागेवर बसून तो जुळवलेला असतो. पुढे रेटारेटी करणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

स्पीकरच्या भिंतीला लागून उभे राहू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सांगितली, मंचाजवळ आवाज त्याच्याही वर जाऊ शकतो. मेडिकलमध्ये फोमचे कानबोळे मिळतात, सोबत ठेवा. गाणं तरीही स्वच्छ ऐकू येतं.

व्हिडिओ एका गाण्याचा करा, बाकीची गाणी फोन खिशात ठेवून म्हणा. गटात वाटून घेतलं तर प्रत्येकाचं एक गाणं रेकॉर्ड होतं आणि उरलेल्या वेळात सगळ्यांचे हात मोकळे राहतात. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, त्याच्यावर मोबाइल रोखू नका.

बाहेर पडताना

दिवे लागल्या लागल्या सगळे एकदम दाराकडे वळतात. तुम्ही अर्धा तास जागेवर बसा. पाय पसरा, पाणी प्या, कोणतं गाणं राहिलं त्यावर वाद घाला. मग गर्दी ओसरल्यावर निघा. टॅक्सी दारात बोलावू नका, दर दुप्पट होतात आणि गाडी पोचतही नाही. एक किलोमीटर चालून मोठ्या रस्त्याला लागा आणि तिथून बोलवा. मेट्रोनेच जायचं असेल तर हा अर्धा तास परवडत नाही, मग शेवटच्या गाण्याच्या आधी कडेला येऊन उभे राहा.

रविवार रिकामा ठेवा

एलिफंटा, शनिवारवाडा, मॉल असं काही ठरवू नका. हॉटेलच्या खोलीत चहा मागवून अकरापर्यंत बसा. पंचवीस वर्षांत कुणाचे वडील गेले, कुणाचं शेत विकलं गेलं, कुणाच्या मुलीला कुठे प्रवेश मिळाला, हे ग्रुपवर कळलेलं असतं पण बोललेलं नसतं. त्याला वेळ लागतो आणि तो शनिवारच्या धावपळीत मिळत नाही.

एवढा लांबचा घाट पहिल्याच वेळी नको वाटत असेल तर संभाजीनगरला सोनेरी महालाच्या परिसरात होणाऱ्या वेरूळ-अजिंठा महोत्सवापासून सुरुवात करा. गर्दी, रांग आणि रात्रीचं परतणं या सगळ्याचा सराव घराजवळ होतो.

हिशेब

मंगळवारपर्यंत खजिनदाराने पूर्ण हिशेब ग्रुपवर टाकावा, टॅक्सी आणि चहापाण्यासकट. मनगटी पट्ट्यात पैसे भरून आत खरेदी करायची पद्धत असेल तर उरलेले पैसे परत मागायची मुदत थोडीच असते, तो अर्ज सोमवारीच करा. कार्यक्रम रद्द झाला तर तिकिटाचे पैसे ज्या खात्यातून भरले त्यातच परत येतात, म्हणजे खजिनदाराच्या, म्हणून कुणी किती दिले याची यादी पैसे वाटून होईपर्यंत पुसू नका. तारीख पुढे ढकलली तर जुनं तिकीट नव्या तारखेला बहुधा चालतं. ज्याला जमणार नाही त्याने परताव्याची मुदत बघून लगेच कळवावं.